विचारल्याशिवाय कानामात्रा नाही

दारामागे वहीचं एक पान चिकटवलंय. त्यावर निळ्या बॉलपेननं लिहिलंय : 'लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय कानामात्राही बदलायची नाही.' खाली नऊ सह्या आहेत. त्यातली एक सही म्हणजे उघड्या पंजाचं छोटंसं चित्र.

खोली म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरचा पोटमाळा. शेजारी एस. टी. स्टँड, त्यामुळं फलाटावरची घोषणा थेट खिडकीतून आत येते आणि तेवढा वेळ सगळे बोलायचं थांबतात. रविवारी सकाळी अकराला मी तिथं पोचले, तेव्हा सतरंजीवर बसलेली सात मुलंमुली एका वाक्यावरून भांडत होती.

वाक्य आयटीआय झालेल्या एका मुलाचं होतं. वडील गेल्यानंतर वर्षभरानं त्यानं दीड पान लिहून पाठवलं होतं आणि त्याची सुरुवात होती : 'मला करमंना.' एम. ए. करणाऱ्या मुलीचं म्हणणं, 'करमत नाही' करूया, वाचणारा अडखळतो. तिच्या समोरचा मुलगा ऐकेना. "करमत न्हाई ते पावण्याकडं ऱ्हायला गेल्यावर. ह्येचं तसलं न्हाई," तो म्हणाला. दहा मिनिटं वाद झाला. मग कुणीतरी दारामागच्या पानाकडं बोट केलं आणि फोन लावला गेला. लिहिणारा कामावर होता, पाठीमागं ग्राइंडरचा आवाज येत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"करमंनाच ऱ्हाऊ द्या. आई तसंच म्हणती," तो म्हणाला. "पर खाली 'मला एकाकी वाटत होते' लिवलंय न्हवं, ते काढा. ते मी पुस्तकातलं लिवलंय."

एम. ए.वाली मुलगी काही न बोलता खाली वाकली आणि ते वाक्य तिनं पेन्सिलीनं खोडलं. मी पंचवीस वर्षं मासिकांत काम करते आहे. लेखकानं स्वतःच्या मजकुरातलं उसनं वाक्य इतक्या नेमकेपणानं ओळखलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आमच्या संपादकांनी यंदा 'बरं असणं' हा विषय दिला आणि तरुणांच्या मनाबद्दल लिही म्हणाले. डॉक्टरांच्या मुलाखती घ्यायच्या, आकडे मांडायचे, हा सोपा रस्ता होता. तेवढ्यात एका मैत्रिणीनं हा अंक हातात ठेवला. बत्तीस पानं, वहीच्या अर्ध्या आकाराची, मधे दोन पिना, तीनशे प्रती. वर्षातून चार वेळा निघतो. लिहिणारे, चित्रं काढणारे, निवडणारे, टाइप करणारे सगळे सोळा ते पंचवीस वयाचे. त्यांत कॉलेजात जाणारे आहेत तसे ऊसतोडीच्या फडावरून आलेले, हॉटेलात काम करणारे, दोनदा बारावी नापास झालेले, न दिसणारे, न ऐकू येणारे असेही आहेत. सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. गावाचं आणि अंकाचं नाव मी इथं देत नाही, कारण ती त्यांची एकमेव अट होती. गाव लहान आहे. टोपणनावामागचा माणूस शोधायला चहाच्या टपरीवर पाच मिनिटं पुरतात.

नैराश्य कुणाच्या घरी म्हणतात?

अंकाची सुरुवात कॉलेजच्या भित्तिपत्रकापासून झाली. टाळेबंदीनंतर कॉलेजं उघडली तेव्हा एका बाईंनी मुलांना 'मानसिक आरोग्य' या विषयावर भित्तिपत्रक करायला सांगितलं. मुलांनी गूगलवरून उतरवून काढलं : नैराश्याची दहा लक्षणं, तणावमुक्तीचे सात उपाय. फलक आठवडाभर लागला आणि कुणीही थांबून वाचला नाही. "आम्ही पण वाचला नव्हता," आज अंकाचं काम बघणारी मुलगी सांगते.

मग त्यांनी फळ्यावर एक कोरा कागद लावला आणि वर लिहिलं : 'तुमच्या घरात याला काय म्हणतात?' शब्द येत गेले. कसंनुसं होतंय. जीव थाऱ्यावर नाही. घालमेल. डोकं आउट झालंय. लोड आलाय. छातीत धडधडतंय. कशात जीव लागंना. अंगावर येतंय सगळं. एकीनं आज्जीचा शब्द आणला, 'हुरहूर', आणि पुढं कंसात लिहिलं, 'संध्याकाळी पाचनंतर'. नैराश्य हा शब्द त्या कागदावर एकदाही आला नाही.

हा कागद त्यांनी जपून ठेवलाय. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं बरं वाटत नाही म्हटलं की आई कपाळाला हात लावून ताप बघते. मनाचं दुखणं सांगायला शब्द नाहीत असं नाही, भरपूर आहेत. फक्त ते स्वयंपाकघरात राहिले आणि दवाखान्यात, पाठ्यपुस्तकात, सरकारी भिंतीवर दुसरेच गेले. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी मनाच्या आरोग्याचाही समावेश आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथं समुपदेशक बसतात. किती मुलांना ते ठाऊक आहे, तुमच्याच घरातल्या मुलाला विचारून पाहा. या अंकाच्या शेवटच्या पानावर त्या क्लिनिकचा रस्ता दिलाय, तोही त्यांच्या भाषेत : 'केसपेपरच्या खिडकीवर काय झालंय ते सांगायची गरज नाही. मैत्रीला जायचंय एवढंच म्हणा. डावीकडं, क्ष-किरणच्या पुढं.'

गेलो की गेले?

दारामागच्या नियमाचा जन्म पहिल्याच अंकात झाला, आणि तो एका क्रियापदामुळं.

बारावीनंतर पुण्याला एका दुकानात कामाला लागलेल्या व्यक्तीनं टोपणनावानं मजकूर पाठवला होता. पहिल्या पगारातून आईला कुकर घेतला, सणाला गावी येणं झालं, आणि आत्यानं दारातच विचारलं, "हे काय करून घेतलंस केसांचं?" एवढीच हकिकत. मुद्रितं तपासणाऱ्या मुलीला एक वाक्य खटकलं, 'मी म्हटलं'. तिनं सहज 'मी म्हणाले' केलं. अंक छापून झाल्यावर निरोप आला : तुम्ही एका शब्दात मला बाई केलंत.

मग सगळ्यांनी तो मजकूर पुन्हा वाचायला घेतला आणि थक्क झाले. दीड पानात एकाही ठिकाणी गेलो नव्हतं की गेले नव्हतं.

मराठीत 'मी' म्हणून भूतकाळात पाय टाकला की क्रियापद आडवं येऊन विचारतं, पुरुष की बाई? आलो की आले, बसलो की बसले. वर्तमानातही तेच, जातो की जाते. पण भाषेनं काही वाटा मोकळ्या ठेवल्यात. 'मी पाहिलं', 'मी ऐकलं', 'मी कुकर घेतला', इथं क्रियापद कर्त्याचं लिंग बघतच नाही. कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणून आपण हे शाळेत पाठ केलं आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. 'मला वाटलं', 'मला निघावं लागलं', 'माझ्याच्यानं राहवलं नाही', यातही बाई-पुरुष नाही. 'मी जाईन' हे तर दोघांचं सारखंच. त्या व्यक्तीनं अख्खी हकिकत याच वाटांनी नेली होती. स्टँडवर उतरल्याचं वाक्य होतं, 'उतरल्या उतरल्या मी रिक्षा केली.' घरी पोचल्याचं, 'घर आलं.' आईजवळ बसल्याचं, 'आईनं शेजारी बसवून घेतलं.'

शेवटचं वाक्य मी त्या पोटमाळ्यावर तीनदा वाचलं. व्याकरणाच्या अडचणीतून ते सुचलं असेल, पण आई आणि लेकरात काय झालं ते त्यात 'मी आईजवळ बसलो' किंवा 'बसले' यापेक्षा कितीतरी जास्त आलंय.

आमच्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' सर्रास म्हणतात. कोल्हापूर-सांगलीबाहेरच्या माणसाला ते पुरुषी वाटतं, इथं कुणाला काही वाटत नाही. पुण्याच्या हॉस्टेलवर मुली हसतात म्हणून आमच्या मुली चार महिन्यांत 'जाते' म्हणायला लागतात. तेव्हा क्रियापद सुधारणं हे नुसतं शुद्धलेखन कधीच नसतं. आपलं लिंग कोणतं हे ठरवायचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालच्या नालसा निकालात सांगितलं. मुद्रितशोधकाच्या टेबलापर्यंत तो निकाल पोचायला पहिला अंक चुकावा लागला. दुसऱ्या अंकात त्यांनी दिलगिरी छापली आणि त्याच महिन्यात नऊ जणांनी त्या पानावर सह्या केल्या.

मी सतरा वर्षांची असताना कॉलेजच्या वार्षिकांकाला एक कविता दिली होती. बहिणीच्या आजारपणावरची. छापून आली तेव्हा शेवटच्या दोन ओळी माझ्या नव्हत्या. सूर्य उगवत होता, आशेची किरणं येत होती. सर भेटले तेव्हा म्हणाले, तरुण वयात असं निराश लिहू नये. त्यांचा हेतू चांगला होता हे मला आज कळतं. पण पुढची सहा वर्षं मी कुणालाही काही दाखवलं नाही, हेही तितकंच खरं आहे. त्या पानावर दहावी सही करायला मिळाली असती तर मी केली असती.

कर्व्यांचं पोस्ट

मराठीत हे पहिल्यांदा घडत नाहीये. र. धों. कर्व्यांनी १९२७च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत, पदरचे पैसे घालून, ते मासिक चालवलं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी गमावली होती. त्या मासिकात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वाचकांच्या प्रश्नांचा भाग. जे बापाला, भावाला, डॉक्टरला विचारता येत नव्हतं ते लोक पोस्टानं कर्व्यांना विचारत आणि कर्वे नाव न देता, न लाजता, उपदेश न करता उत्तर देत. १९३४ सालचा त्यांच्यावरचा अश्लीलतेचा खटला अशाच उत्तरांवरून झाला. कर्व्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांची चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची मांडणी होती. खटला ते हरले, दंड झाला, आणि कर्व्यांनी मासिक चालूच ठेवलं.

पोटमाळ्यावरच्या मुलांना कर्वे माहीत होते, एकानं त्यांच्यावरचा 'ध्यासपर्व' पाहिला होता. पण त्यांचा प्रश्नोत्तरांचा रकाना कर्व्यांच्या वाटेनं जात नाही. तिकडं विचारणारे शेकडो होते आणि उत्तर देणारा एक. इथं एका प्रश्नाला आधी तीन मुलं आपापल्या अनुभवातून उत्तर देतात, मग जिल्ह्याच्या ठिकाणच्या एक मानसोपचारतज्ज्ञ बाई चार ओळी लिहितात. बाईंचं उत्तर शेवटी का, असं मी विचारलं. "आधी बाईंचं टाकलं की पोरांना वाटतं निकाल लागला. मग पुढं कोण वाचतंय?"

मागच्या अंकातला प्रश्न होता, 'सगळे मित्र पोलीस भरतीत लागले, मी उंचीत बसलो नाही, आता ग्राउंडवर जायला लाज वाटते.' तीन उत्तरांतलं एक कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या मुलाचं होतं. त्यानं लिहिलं की तो अजूनही पहाटे पाचला ग्राउंडवर जातो, कारण पाळी सुटल्यावर त्या वेळेला जागं असणारं गावात दुसरं कुणी नसतं. बाईंनी त्याखाली लिहिलं, 'या उत्तरात मला भर घालायची नाही.'

हात नीट काढ

दारामागच्या पानावरची पंजाची सही एका एकवीस वर्षांच्या मुलीची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती अंकातली चित्रकथा करते, दर वेळी चार पानं.

पहिल्यांदा ती आली ती तक्रार घेऊन. आधीच्या अंकात कुणीतरी खुणांनी बोलणाऱ्या दोघांचं चित्र काढलं होतं आणि त्यांचे हात नुसतेच हवेत होते. तिनं चित्रावर लाल गोल केला, मोबाइलवर टाइप करून समोर धरलं : 'हात अर्थ नाही.' म्हणजे हे हात काहीच बोलत नाहीयेत. ऐकू येणाऱ्यांच्या चित्रकथेतल्या फुग्यात कुणी नुसती अक्षरं भिरकावून दिली, तर कसं वाटेल?

आता तिच्या चौकटी पाहा. एका पानावर आई-मुलीचं भांडण आहे. आईचं तोंड चौकटीत नाहीच, हनुवटीच्या वर कडा येते. मुलीला आईचे ओठ वाचता येतात, पण आई पाठ फिरवून बोलते, म्हणून आईच्या पाठीवर, साडीच्या काठापासून अंबाड्यापर्यंत, बारीक बारीक रेघा मारल्यात. अक्षरांसारख्या दिसतात, वाचता येत नाहीत. खालच्या चौकटीत मुलीचे दोन्ही हात आणि भुवया. भुवया मुद्दाम मोठ्या, कारण भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्न आहे की राग, हे चेहऱ्यावर ठरतं. प्रश्नार्थक खूणही वाक्याच्या शेवटी येते. म्हणून तिच्या चौकटी उलगडतात तशाच क्रमानं : आई, बोलणं, मी, आणि सगळ्यात शेवटी उघडे तळवे, का?

फुग्यांतलं मराठी मात्र सगळ्यांना अडचणीत टाकणारं होतं. 'आई मी राग.' 'ताई लग्न मी सांगितलं नाही.' विभक्तीचे प्रत्यय नाहीत. मराठी तिची दुसरी भाषा आहे, पहिली हातांची, आणि त्या भाषेत ला-ने-चा लागत नाहीत. सुधारलं तर तिचं उरत नाही, ठेवलं तर वाचणारे तिला अडाणी समजतील. नियमाप्रमाणं तिलाच विचारलं गेलं. तिनं विचार करायला आठवडा मागितला. मग लिहून दिलं की चित्रकथेत तिचं मराठी जसंच्या तसं, पण प्रास्ताविकाचा परिच्छेद शुद्ध करा, आणि शुद्ध करताना प्रत्येक बदल तिला समजावून सांगा, कारण तिला शिकायचंय. त्या दिवसापासून एम. ए.वाली तिला विभक्ती शिकवते आणि ती तिला खुणा. त्या दोघी एकमेकींना चुका दाखवताना इतक्या गंभीर असतात की मधे बोलायचं धाडस होत नाही.

ऐकू येणारं पान

सतरंजीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बी. ए.ला असलेला एक मुलगा बसतो, कानात एका बाजूला इयरफोन. त्याला दिसत नाही. त्याचं काम अंक ऐकणं. फोन इतक्या वेगानं वाचतो की मला अक्षर कळलं नाही, तो मात्र मधेच म्हणतो, "पान अकरा, तिसरी ओळ, वेलांटी ऱ्हायलीय."

पहिल्या अंकाची पीडीएफ त्याच्या फोननं वाचली ती अशी : इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर. कारण साधं होतं. खालच्या दुकानातल्या संगणकावर जुन्या पद्धतीचा टंक होता. त्यात रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. डोळ्यांना 'आई' दिसतं, यंत्राला आतली रोमन अक्षरंच दिसतात. युनिकोडमध्ये 'आ'ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून पडदावाचक त्याला 'आ' म्हणतो. आपले कितीतरी अंक आणि स्मरणिका अजून जुन्या टंकात जुळवल्या जातात. त्या सगळ्या न दिसणाऱ्या वाचकाला बंद आहेत, आणि काढणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. इथं एका मुलीनं बत्तीस पानं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी भलतीकडं पळते. त्यापेक्षा हातानं टाइप केलेलं बरं, असं ती म्हणाली.

चित्रांचं वर्णन चित्रकारानंच लिहायचं, हाही त्या मुलाचाच आग्रह. त्याची एक सूचना सगळ्यांना पाठ झालीय : "सुंदर, करुण असलं लिहू नका. काय हाय ते सांगा, करुण वाटायचं का न्हाई ते माझं मी बघतो." चित्रकथेतल्या आईच्या पाठीचं वर्णन त्यानं मला ऐकवलं. 'आई पाठमोरी. पाठभर अक्षरांसारख्या रेघा. एकही अक्षर पूर्ण नाही.' ते त्या मुलीनं लिहिलं होतं, विभक्त्या आता जागेवर होत्या.

ब्रेलमध्ये अख्खा अंक काढणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. ते काम किती चिकाटीचं आहे हे स्वागत थोरातांनी २००८ साली सुरू केलेल्या 'स्पर्शज्ञान' या मराठी ब्रेल पाक्षिकानं दाखवून दिलंय. इथं फक्त शेवटचं पान ब्रेलमध्ये असतं, तेही हातानं. ब्रेलच्या पाटीवर उजवीकडून डावीकडं टोचत जायचं, म्हणजे कागद उलटला की उंचवटे डावीकडून उजवीकडं वाचता येतात. एक पान टोचायला त्याला पाऊण तास लागतो. अशा अकरा प्रती तो करतो.

जे गुप्त ठेवता येत नाही

लेखन मागवणाऱ्या पत्रकावर एक चौकट आहे. तिची भाषा ठरवायला त्यांना दोन महिने लागले. 'तुझं नाव आम्ही कुणाला सांगणार नाही. पण तू अठरा वर्षांच्या आतला किंवा आतली असशील आणि कुणी तुझ्या शरीराला नको तसा हात लावत असेल, तर ते कळल्यावर आम्हाला गप्प बसता येत नाही. आम्ही आधी तुझ्याशी बोलू.' बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्यात, अशी घटना ज्याला कळेल त्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संपादन करणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीलाही. ही चौकट वाचून काही जण लिहिणारच नाहीत हे त्यांना माहीत आहे. तरी ती ठेवलीय, कारण आधी वचन देऊन नंतर मोडणं त्यांना मान्य नव्हतं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक त्याच चौकटीत आहे.

दुसरा अवघड विषय आत्महत्येचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर होता. याबद्दल लिहायचं नाही असं म्हणून चालत नाही. कसं लिहायचं, याचे नियम आहेत. प्रेस कौन्सिलनं २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर ते स्वीकारले : कृतीचं वर्णन नको, जागा नको, मथळ्यात नको, एकच एक कारण चिकटवणं नको. वर्णनातून दुसऱ्याला वाट दिसते, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलंय. तसंच, कठीण काळातून कुणी कसं बाहेर पडलं हे वाचून माणसं सावरतात, हेही २०१०च्या व्हिएन्नातल्या अभ्यासापासून बोललं जातंय.

नियम माहीत असणं वेगळं आणि समोर एका मुलीची चार पानं असणं वेगळं. तिनं त्या रात्रीचं सगळं लिहिलं होतं. अंकाचं काम बघणारी मुलगी तिला प्रत्यक्ष भेटायला गेली. काहीही काप म्हणाली नाही. फक्त विचारलं, "रात्रीच्या त्या दोन परिच्छेदांच्या जागी सकाळी काय झालं ते लिहिशील?" आठ दिवसांनी मजकूर आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मावशीनं चहा केला आणि पहिला घोट घेईपर्यंत दुधाच्या भावाबद्दल बोलत राहिली. कुणीही का असं विचारलं नाही, आणि तिला त्या चहाची चव अजून आठवते. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ते वाचलं, मगच ते छापलं. छापल्यावर दुसऱ्या दिवशी आणि पंधरा दिवसांनी तिला फोन गेला. हा त्यांचा शिरस्ता आहे आणि त्याची वहीत नोंद असते.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलंय आणि त्याला आधार देणं सरकारचं काम ठरवलंय. हे त्या लेखाखाली साध्या मराठीत दिलंय, शेजारी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक. २०२२ पासून तो चालू आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. हे वाचणाऱ्या कुणाला आज गरज असेल तर त्यांनी आजच लावावा.

एकदा अंक छापून, पिना मारून झाल्यावर एका मुलीचा फोन आला. माझं पान नको, घरी कळलंय. तीनशे प्रती तयार होत्या. रात्री नऊपर्यंत सगळे पांढरे कागद कापत, खळ लावत बसले. प्रत्येक प्रतीत त्या पानावर एक पट्टी लागली : 'या पानावरचा मजकूर लिहिणाऱ्या व्यक्तीने परत घेतला आहे.' ती प्रत मी पाहिलीय. कागद उजेडाकडं धरला तरी खालचं अक्षर दिसत नाही. दोन थर लावलेत.

पैसे

एका अंकाला साधारण दहा हजार लागतात. वर्गणी, दोन-तीन माजी विद्यार्थी, खालच्या दुकानदाराची उधारी. जाहिराती येतात त्या गोरं होण्याच्या मलमाच्या, वजन वाढवण्याच्या पावडरीच्या, शंभर टक्के निकालाच्या क्लासच्या. मलम आणि पावडर सरळ नाकारतात. क्लासवरून वाद झाला, कारण त्या पैशांत दोन अंक निघाले असते. शेवटी 'शंभर टक्के' काढा म्हणून क्लासवाल्यांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, जाहिरात गेली.

मजकूर छापायला घेतलेल्या प्रत्येकाला मात्र दोनशे रुपये मिळतात, पाकिटात, सही घेऊन. पैसे नसतील तर पानं कमी करतात, मानधन थांबवत नाहीत. मोठमोठ्या अंकांत तरुणांना 'प्रोत्साहन' म्हणून फुकट लिहायला लावलं जातं. मीही कधीकाळी लावलंय, आणि ते चुकीचं होतं. या दोनशे रुपयांनी मला त्या अंकाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटला. दुःख सांगितलं म्हणून सहानुभूती मिळते, लिहिलं म्हणून मानधन मिळतं. मुलाला फरक कळतो. आयटीआयवाल्या मुलानं पाकीट आईकडं दिलं आणि तिनं विचारलं, "कशाचं?" तो म्हणाला, "करमंनाचं."

निघायच्या आधी त्यांनी मला पेटी उघडताना बघू दिलं. वाचनालयाच्या जिन्याखाली ठेवलेली, कुलपाची पत्र्याची पेटी. जे काही येतं त्याला वहीत क्रमांक पडतो. टोपणनाव असलं तर तेही. निनावी असलं तर कागदाचा रंग, शाई, पहिला शब्द. मलपृष्ठावर ते सगळे क्रमांक 'पोचलं' या मथळ्याखाली छापतात. निनावी लिहिणाऱ्याला पोच द्यायचा दुसरा मार्ग नाही.

त्या रविवारी सात पाकिटं होती. पाचवं पाकीट फोडलं तर आत वहीचा कोरा कागद, चार घड्या घातलेला. उलटसुलट करून पाहिला, न दिसणाऱ्या मुलानं बोटांनी चाचपला, काही टोचलेलंही नव्हतं. मुलीनं वही पुढं ओढली आणि लिहिलं : '२१४. रेघांचा कागद, कोरा. पोचलं.'

अंक पुढच्या महिन्यात येईल. २१४ त्यात आहे.